कुठे शिकलीस, हे कुणी विचारलं नाही

१९९६ साली दहावीचा निकाल लागला आणि अकरावीच्या फॉर्मवर मी मराठी सोडून जर्मन घेतलं. पुण्यात तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जर्मन स्कोअरिंग होतं. मराठीच्या पेपरात पुरवण्यांवर पुरवण्या जोडल्या तरी सत्तरच्या पुढे गाडी सरकत नाही, जर्मनला मात्र रिकाम्या जागा नीट भरल्या की नव्वद कुठे गेले नाहीत, असं सगळ्या वर्गाचं मत होतं. बाबा जरा गप्प राहिले. साताऱ्याची आजी त्या दिवशी आमच्याकडे होती. ती म्हणाली, “आपली भाषा घरी येतीच की. तिला कशाला शाळा पायजे?”

तेव्हा मला ते पटलं. आजीचं ते वाक्य पुढे मी दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच शब्दांत, एका छापील नियमात वाचलं. तो दिवस मला अजून आठवतो, म्हणून हे लिहितेय.

बारावीनंतर मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचा सर्टिफिकेट कोर्स केला, मग डिप्लोमा. सकाळची बॅच असायची. लूना लावायची, दगडी इमारतीत शिरायचं आणि दोन तास डेर, डी, डास. मार्कांसाठी घेतलेल्या भाषेची गोडी मला तिथे लागली, आणि ती लावली आमच्या मॅडमनी. वर्गातली निम्मी मुलं इंग्रजी माध्यमातली होती. ती प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवायची आणि मग जर्मनमध्ये आणायची. मॅडम फळ्यापाशी थांबायच्या आणि म्हणायच्या, “इंग्रजी बाहेर ठेवून या. मराठीत विचार करा, जर्मन जवळ येईल.”

आणि ती खरंच जवळ यायची. जर्मनला तीन लिंगं आहेत म्हटल्यावर इंग्रजीवाले कपाळाला हात लावायचे. आम्हाला तो, ती, ते नवं नव्हतं. मूल ‘ते’, आणि जर्मनमध्येही डास किंट. पुस्तक ‘ते’, आणि डास बूख. चंद्र ‘तो’, आणि डेर मोंड. सूर्याशी मात्र जुळायचं नाही, जर्मन माणसाला सूर्य ‘ती’ वाटते, डी झोनं. मॅडम म्हणायच्या, एवढं तरी पाठ करा. मग ‘तू’ आणि ‘तुम्ही’. कुणाला ‘डू’ म्हणायचं आणि कुणाला ‘झी’, हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. घरात आत्याला काय म्हणायचं आणि शेजारच्या काकांना काय, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलंच होतं. गौण वाक्यात क्रियापद पार शेवटी जातं, याचाही बाऊ वाटला नाही. आमच्याकडे ते शेवटीच असतं.

पण मला जे लख्ख आठवतं ते एका सकाळचं आहे. डिसेंबर होता, खिडकीची काच फुटलेली होती आणि गार वारा थेट बाकावर येत होता. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘मिअर इस्ट काल्ट’. एका मुलानं विचारलं, “‘इश बिन काल्ट’ का नाही? मी थंड आहे?” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “तू काय म्हणशील आत्ता, मराठीत?” मी म्हटलं, “मला थंडी वाजतेय.” “मग? ‘मी’ नाही म्हणालीस. ‘मला’ म्हणालीस. मिअर म्हणजे मला.” त्याखाली त्यांनी आणखी एक वाक्य लिहिलं, ‘मिअर गेफेल्ट डास बूख’, मला हे पुस्तक आवडतं. थंडी, आवड, दोन्ही आपल्याकडे येतात, आपण त्या करत नाही. जगाच्या त्या टोकाची भाषा आणि माझी भाषा एवढ्याशा जागेत एकमेकींना भेटताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

लग्न ठरलं तेव्हा मी एस. वाय. ला होते. पदवी राहिली. २००३ मध्ये न्यू जर्सीला आले. एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, काम करायची परवानगी नाही, मग २००६ मध्ये मुलगी झाली. त्या वर्षांविषयी इथे फार लिहीत नाही. जर्मनची वही सुटकेसच्या तळाशी होती, एवढंच.

ग्रीन कार्ड झालं, मुलगी मोठी झाली, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला काम मिळालं. आणि २०१७ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मी घराजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगसाठी नाव घातलं. पुण्यातल्या अर्धवट पदवीचे थोडे विषय त्यांनी मान्य केले, बरेचसे नाही केले. दर सत्राला संध्याकाळचे दोन वर्ग झेपायचे. हिशोब केला तर पदवी हातात पडेपर्यंत मुलगी कॉलेजात गेली असती.

अमेरिकेत सगळा कारभार क्रेडिटवर चालतो. एका सत्रात आठवड्याला साधारण एक तास वर्गात बसलात की एक क्रेडिट. बहुतेक विषय तीन क्रेडिटांचे. प्रत्येक क्रेडिटचे पैसे वेगळे, माझ्या कॉलेजात दीडशे-दोनशे डॉलर. माझ्या अभ्यासक्रमात परकी भाषा आणि मानव्यविद्या मिळून काही क्रेडिट्स लागणार होती. ती मी शेवटच्या वर्षावर ढकलली होती. मग एका संध्याकाळी कॉलेजच्या अॅडव्हायझर बाईंनी माझा कागद पाहता पाहता विचारलं, “तुम्हाला इंग्रजीखेरीज कुठली भाषा येते का?”

मी म्हटलं, मराठी, हिंदी आणि थोडं जर्मन.

“जर्मन? मग क्लेप का देत नाही?”

क्लेप म्हणजे कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम. एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा आणि शाळकरी मुलांसाठीच्या कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड १९६७ पासून या परीक्षा घेतं. जे लोक सरळ शाळेतून कॉलेजात गेले नाहीत, सैन्यात गेले, नोकरीला लागले, घरी राहिले, पण वाचत-शिकत राहिले, त्यांच्या डोक्यात जे आहे ते तपासून त्याचं क्रेडिट द्यावं, असा त्यामागचा विचार. तीसच्या वर विषय आहेत. गणित आहे, इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे, आणि भाषा तीन: फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश. दीड तासाची परीक्षा, निम्म्याहून जास्त भार वाचनावर, उरलेला ऐकण्यावर. गुण २० ते ८० मध्ये. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस अशी, की जर्मनमध्ये ५० मिळाले तर दोन सत्रांची सहा क्रेडिट्स द्या आणि ६० मिळाले तर नऊ. शिफारसच ती, प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं. माझं कॉलेज नऊ द्यायचं. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आत होती, केंद्राचे वीस-पंचवीस वेगळे.

मी फॉर्म घरी आणला आणि पुन्हा पुन्हा वाचला. त्यात नाव होतं, पत्ता होता, ओळखपत्र होतं. ही भाषा तुम्ही कुठे शिकलात, हा रकानाच नव्हता. रानडे इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट जोडा, ते अमुक संस्थेकडून तपासून घ्या, सीलबंद पाकिटात पाठवा, यातलं काही नाही. तोवर पुण्याच्या मार्कशीटा घेऊन मी इतक्या खिडक्यांपुढे उभी राहिले होते, की या एका गोष्टीनं माझे डोळे भरून आले. येतं ना? मग दाखवा. यापेक्षा सरळ प्रश्न मला त्या देशात कुणी विचारला नव्हता.

चार महिने अभ्यास केला. सुटकेसमधली वही निघाली. डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या गाडीत लावायचे. पहिले दोन आठवडे नुसता आवाज होता. मग एके दिवशी पार्किंगमध्ये गाडी उभी करताना एक अख्खं वाक्य कानातून आत गेलं आणि मी किल्ली न काढता तशीच बसून राहिले. वीस वर्षांपूर्वीची भाषा कुठे जाऊन बसलेली असते कोण जाणे. बोलावली तर येते. येताना आधी छोटे शब्द आले, ‘डॉख’, ‘माल’, ‘शोन’, वाक्यात नुसती फोडणी असावी तसे. मोठी नामं मागाहून आली. आणि दर वेळी अडले की मॅडमचं ऐकायचे, इंग्रजी बाहेर ठेवायची, मराठीत वाक्य म्हणायचं, जर्मन त्याच्या मागोमाग यायची.

परीक्षेला एका शनिवारी सकाळी गेले. कॉलेजच्या तळघरातली खोली, पाच-सहा कॉम्प्युटर, प्रत्येकाला पुठ्ठ्याचा आडोसा. माझ्या हेडफोनचा एका बाजूचा स्पंज फाटला होता, कानाला टोचत होता. शेजारी सैनिकी हेअरकटचा एक मुलगा होता, त्याला ही परीक्षा सरकार फुकट देतं. ऐकण्याचे प्रश्न झरझर जातात. एक माणूस काहीतरी म्हणतो, त्यावर दुसरा काय म्हणेल ते निवडायचं. विचार करायला सवड नसते, आणि तेच बरं, कारण तिथे भाषांतर करत बसलात तर गाडी चुकलीच. वाचनाला तासभर मिळाला. उतारे, जाहिराती, रिकाम्या जागा. रिकाम्या जागा भरताना मला अकरावीचा वर्ग आठवला.

शेवटी पडद्यावर एक प्रश्न येतो: गुण कळवायचे, की रद्द करायचे? हे गुण दिसायच्या आधी ठरवावं लागतं. रद्द केले तर कुणाला कळत नाही, तुम्हालाही नाही. मी ‘कळवा’ दाबलं. पुढच्या पडद्यावर आकडा आला: ६३.

नऊ क्रेडिट्स. तीन विषय, दीड वर्षाच्या मंगळवार-गुरुवारच्या संध्याकाळी आणि दीडएक हजार डॉलर. बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला, मग पुण्याला. तिकडे रात्र होती. बाबा उठून बसले असणार, आवाजावरून कळत होतं. म्हणाले, “बघ, ते जर्मन वाया नाही गेलं.”

घरी येता येता मात्र एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. त्या दीड तासात मी तोंडातून जर्मनचा एक शब्द काढला नव्हता. एक वाक्य लिहिलं नव्हतं. रानडेला तोंडी परीक्षेशिवाय कुणी पास व्हायचं नाही. इथे ऐकलं आणि वाचलं तेवढ्यावर दोन वर्षांच्या भाषेचा हिशोब झाला. हा त्या परीक्षेतला मोठा दोष आहे, असं मला आजही वाटतं. भाषा येते याचा अर्थ ती बोलता येते, असंच जगातला कुठलाही माणूस म्हणेल.

आणि दुसरी गोष्ट. यादीत तीनच भाषा का?

पुढच्या भेटीत मी अॅडव्हायझर बाईंना मराठीचं विचारलं. त्यांनी नियमावली उघडून मला दाखवली. कॉलेज आपल्या विभागाची परीक्षा घेऊन इतर काही भाषांना क्रेडिट देत असे, पण त्याखाली एक ओळ होती: विद्यार्थ्याच्या मातृभाषेसाठी हे क्रेडिट मिळणार नाही. अशी ओळ अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांच्या नियमांत असते. कारणही त्या बाईंनी समजावून सांगितलं: क्रेडिट नव्यानं शिकल्याचं असतं, मातृभाषा तुम्हाला घरीच येते.

आपली भाषा घरी येतीच की. तिला कशाला शाळा पायजे?

आजीनं प्रेमानं म्हटलं होतं, नियमानं कोरडेपणानं म्हटलं, पण दोघांचं म्हणणं एकच. आणि दोघांचंही चुकतं, असं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं. त्याच क्लेपच्या यादीत इंग्रजी निबंधलेखनाची परीक्षा आहे. इंग्रजी साहित्याची आहे. न्यू जर्सीत जन्मलेला, घरी इंग्रजीच बोलणारा मुलगा ती देतो आणि क्रेडिट घेतो, आणि त्याला कुणी म्हणत नाही की बाळा, ही तुझी मातृभाषा, ही तर तुला घरीच येते. म्हणत नाहीत हे योग्यच आहे. कारण घरात बोलणं वेगळं आणि चार पानं मुद्देसूद लिहिणं वेगळं, हे इंग्रजीच्या बाबतीत सगळ्यांना कळतं. मराठीच्या बाबतीत मात्र ते कळत नाही. आमच्या आमच्यातही नाही. मी सोळाव्या वर्षी मराठी सोडली ती हेच समजून.

मला आणखी एक आठवलं. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या काही कॉलेजांचे विद्यार्थी मिळून पुण्यात एक सत्र घालवायला यायचे. अनेक वर्षं तो कार्यक्रम चालू होता. पुण्यातल्या घरांमध्ये ते राहायचे, आमटी-भात खायचे, पीएमटीनं फिरायचे आणि मराठी शिकायचे. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी जाई निंबकरांच्या सोबतीनं परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं केली, आजही ती वापरावी अशी आहेत. शिकागो विद्यापीठात मराठी शिकवली जाते. त्या मुलांना मराठीचं क्रेडिट मिळायचं आणि ते मिळायलाच हवं, किती मेहनत घ्यायची ती. पण म्हणजे मराठी ही क्रेडिट देण्याजोगी भाषा आहे, हे अमेरिकेतल्या कॉलेजांनी केव्हाच मान्य केलेलं आहे. आयोवातली मुलगी ती पुण्यात शिकली तर ते शिक्षण, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधली मुलगी आजीकडून, रविवारच्या शाळेतून, अडखळत, मित्रमैत्रिणींच्या पार्ट्या सोडून शिकली तर ते काही नाही. हे मला पटत नाही.

आता यादीत तीनच भाषा का, याचं उत्तर मी पुढे शोधलं. त्यात कुणाचा आकस नाही. क्लेपची परीक्षा एखाद्या कोर्सच्या बदल्यात असते. तो कोर्स पुष्कळ कॉलेजांत चालू असावा लागतो, किती गुणांना पास म्हणायचं हे ठरवायला तो शिकवणारे प्राध्यापक लागतात, आणि परीक्षेला बसणारे लोकही पुरेसे लागतात. भारतात २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त लोकांनी मराठी आपली मातृभाषा म्हणून सांगितली. जर्मन मातृभाषा असणारे लोक त्याहून फार जास्त नाहीत. पण अमेरिकेतल्या कॉलेजांत जर्मनचे वर्ग जागोजागी आहेत आणि मराठीचे बोटांवर मोजण्याएवढे. आठ कोटींचा आकडा त्या टेबलावर कुणी ठेवलेलाच नसतो.

तो ठेवावा लागतो. हे मला इटालियन लोकांकडून कळलं. एपीच्या परीक्षांमध्ये २००६ साली इटालियन आली. विद्यार्थी पुरेसे येईनात, म्हणून २००९ नंतर कॉलेज बोर्डानं ती थांबवली. अमेरिकेतले इटालियन वंशाचे लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी पैसे उभे केले, इटलीच्या सरकारनंही भर घातली, आणि २०१२ च्या मे महिन्यात परीक्षा परत सुरू झाली. न्यू जर्सीत इटालियन आडनावाची माणसं पावलोपावली भेटतात. आमच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं आडनावही इटालियन. त्यांना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, “माझी आजी इटालियन बोलायची, माझ्या आईनं मला शिकवली नाही, माझी नात आता शाळेत शिकते.” पाच पिढ्यांची गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली.

मिनेसोटानं वेगळी वाट धरली आणि मला ती सगळ्यात आवडते. तिथे सोमाली आणि आग्नेय आशियातून आलेली ह्मॉन्ग कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. २०१४ च्या कायद्यानं त्या राज्यानं ठरवलं, की शाळा संपवताना मुलानं इंग्रजीखेरीज कुठल्याही भाषेत ठरावीक पातळी दाखवली, तर राज्याच्या कॉलेजांनी त्याला त्या भाषेची क्रेडिट्स द्यायची. खालच्या पातळीला दोन सत्रांची, त्याच्या वर तीन, त्याच्याही वर चार. घरी शिकलात की शाळेत, हा प्रश्न नाही. मातृभाषा असेल तरी चालेल, किंबहुना तिच्यासाठीच ते आहे.

बाकीच्या राज्यांत ‘सील ऑफ बायलिटरसी’ आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा करून ते सुरू केलं, न्यू जर्सीनं २०१६ मध्ये. बारावीच्या प्रमाणपत्रावर एक मोहोर बसते: या विद्यार्थ्याला दोन भाषा लिहिता, वाचता, बोलता येतात. त्यासाठी स्टॅम्प नावाची परीक्षा असते आणि तिच्या भाषांमध्ये मराठी आहे. मराठीच्या परीक्षेत लिहिणं आणि बोलणं दोन्ही असतं. क्लेपमध्ये मला जे खटकलं होतं ते इथे नाही. इथे तोंड उघडावं लागतं.

आमच्या मराठी शाळेत मी आठ वर्षं शिकवतेय. इथल्या मराठी मंडळाची शाळा, दर रविवारी, एका हॉलमध्ये, घडीच्या खुर्च्या आपणच मांडायच्या आणि आपणच उचलायच्या. पुस्तकं आणि परीक्षा भारती विद्यापीठाच्या. मुलं गोड असतात, बोलतात पुष्कळ. पण ‘घरी येतेच की’ याचा खरा अर्थ काय, ते तिथे रविवारी दिसतं. ‘आई, भूक लागली’ येतं, ‘झोप आली’ येतं, कारण ती वाक्यं रोज कानावर पडतात. त्याच्या जरा बाहेर गेलं की इंग्रजी आतून वर येते. जानेवारीत हॉलचा हीटर बंद असला की दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, “मी थंड आहे.” मग मी फळ्यापाशी जाते. माझ्या मॅडमनी केलं तेच करते, फक्त उलट्या दिशेनं. ‘मी’ नाही रे, ‘मला’. थंडी तुझ्याकडे येते. थंडी वाजते.

मुलीनं जानेवारी २०२४ मध्ये मराठीची स्टॅम्प दिली. तिची आणि माझी त्याआधी दोन वर्षं कुरबुर चालली होती. वाचायचा तिला कंटाळा, जोडाक्षरांवर अडायची. ‘ष’ आणि ‘श’ वेगळे का, हे तिनं मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मीच नीट बसून शिकले. पण तिची ती दोन वर्षं मी जवळून पाहिली. ते शिक्षण नव्हतं असं मला कुणी म्हणू नये. निकाल चांगला आला, प्रमाणपत्रावर मोहोर बसली. सप्टेंबरमध्ये ती कॉलेजात गेली आणि तिनं स्वतःहून तिथे पत्र लिहिलं, की मला या परीक्षेवर मराठीचं क्रेडिट द्याल का.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मंडळात पेढे वाटले. त्याच सुमारास कॉलेजचं उत्तर आलं: परकी भाषेच्या अटीतून सूट देता येईल, क्रेडिट देता येणार नाही, कारण ही भाषा तपासू शकेल असं इथे कुणी नाही. सूट आणि क्रेडिट यांत फरक आहे. सूट म्हणजे तुम्हाला तो विषय घ्यावा लागणार नाही. क्रेडिट म्हणजे तुम्ही तो शिकलात. मुलीला सूट नको होती. तिनं पुन्हा पत्र लिहिलंय, या वेळी शाळेचा अभ्यासक्रम आणि मिनेसोटाच्या नियमाची प्रत जोडून, आणि तपासायला बाहेरच्या विद्यापीठातलं कुणी चालेल का असं विचारून. मराठी मसुदा माझा, इंग्रजी तिचं. मंडळातल्या आणखी चार घरांनी आपापल्या मुलांच्या कॉलेजांना तेच पत्र पाठवलंय.

परीक्षेच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. ती घरीच होती, कॅमेऱ्यातून देखरेख, खोलीत दुसऱ्या कुणी थांबायचं नाही. मी स्वयंपाकघरात होते. लिहिण्याचा भाग झाला तेव्हा किबोर्डचा आवाज थांबला आणि मग बंद दारामागून तिचा आवाज यायला लागला. प्रवासातला काहीतरी प्रसंग सांगायचा असावा. ती मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगत होती, आजीबरोबर स्वारगेटहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात एसटी बंद पडली ती. पाऊस सुरू झाला होता. “मग काय झालं माहितेय का,” ती म्हणाली, अगदी समोर कुणी बसल्यासारखी. मी गॅस बारीक केला. कंडक्टर खाली उतरला, दुसरी गाडी येईना, अंधार पडत चालला.

ती क्षणभर थांबली. शब्द शोधत असणार. मी हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

“आजीला थंडी वाजत होती,” ती म्हणाली.